गाडी मागून बसत नाही, म्हणजे ती वजन पेलतेय असं नाही

गणपती जवळ आले की, आणि पुन्हा मे महिना लागला की, गाड्यांच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "मागे एअर सस्पेन्शन टाकलं तर अजून किती वजन टाकता येईल?" घरची सात माणसं, आठवडाभराचं सामान, कॅरिअरवर ताडपत्रीखाली आवळलेल्या बॅगा, आणि कोकणातून परतताना आंब्याच्या पेट्या. मागची चाकं मडगार्डात शिरलेली, नाक वर, प्रत्येक गतिरोधकावर खालून खरवडल्याचा आवाज. दुकानदार सांगतो, "टाकून घ्या साहेब, गाडी बसणार नाही."

तो खोटं बोलत नाही. गाडी खरंच बसत नाही. पण विचारलेला प्रश्न वेगळा होता आणि त्याचं उत्तर आहे: एक किलोही जास्त टाकता येत नाही.

हे पटायला जड जातं, कारण डोळ्यांना उलटं दिसतं. वाकलेली गाडी ताठ उभी राहिली म्हणजे तिची ताकद वाढली असं कुणालाही वाटेल. म्हणून मुळापासून बघू.

आरसीवरचे दोन आकडे

गाडीला दोन वजनं असतात. एक रिकाम्या गाडीचं, आरसीवर ते 'अनलेडन वेट' म्हणून असतं. दुसरं 'ग्रॉस व्हेइकल वेट' किंवा 'लेडन वेट', म्हणजे माणसं, सामान, इंधन सगळं धरून जास्तीत जास्त किती चालेल ते. याला आपण इथे 'कमाल वजन' म्हणू. आरसीवर हा दुसरा आकडा सापडला नाही, तर दाराच्या खांबावरची किंवा इंजिनजवळची पट्टी आणि गाडीसोबत आलेलं पुस्तक बघा. कमाल वजनातून रिकामं वजन वजा केलं की उरते ती भारक्षमता.

इथे एक बारकावा आहे. मोटार वाहन कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे रिकाम्या वजनात ड्रायव्हर धरलेला नसतो. म्हणजे तुम्ही स्वतः स्टिअरिंगवर बसलात की भारक्षमतेतले ७०-८० किलो तिथेच खर्च झाले.

समजा, एका सात आसनी गाडीचं रिकामं वजन १,८५० किलो आहे आणि कमाल वजन २,४५०. हातात आले ६०० किलो. सात मोठी माणसं, प्रत्येकी ७० किलो धरली तर ४९० गेले. उरले ११०. टपावर लोखंडी कॅरिअर बसवलं असेल तर ते स्वतःच २५-३० किलोचं. उरले ८०. हापूसची पाच डझनांची पेटी लाकडासकट साधारण १५ ते २० किलो भरते. चार पेट्या ठेवल्या की हिशोब संपला. कपड्यांच्या बॅगा, पाण्याचा कॅन, नारळाचं पोतं, आजीनं दिलेले तांदूळ हे सगळं त्याच्या पुढचं.

सात सीट म्हणजे सात माणसं अधिक डिकीभर सामान, असं आपण धरून चालतो. बहुतेक सात आसनी गाड्यांमध्ये सगळ्या जागा मोठ्या माणसांनी भरल्या की सामानासाठी फार थोडी भारक्षमता उरते. जागा असते, क्षमता नसते. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचं सगळं चुकत जातं.

गाडी बसते तेव्हा काय होतं?

बहुतेक एसयूव्हींना मागे पोलादी गुंडाळी स्प्रिंग असते, काहींना एकावर एक रचलेले पोलादी पाटे. पोलादाचा नियम सरळ आहे: जितकं वजन जास्त, तितका तो दबतो. एखादी स्प्रिंग ४० किलोला एक सेंटीमीटर दबत असेल तर १६० किलोला चार सेंटीमीटर दबेल. दबता दबता शेवटी एक रबरी ठोकळा लागतो, ज्याला बंप स्टॉप म्हणतात. तिथवर गाडी आली की स्प्रिंगचं काम संपलेलं असतं. पुढच्या खड्ड्यात चाक वर यायला जागाच नसते आणि दणका थेट चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बसतो.

मागचा भाग खाली गेला की पुढचा वर जातो. हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. स्टिअरिंग हलकं लागतं. हे त्रास खरे आहेत, आणि रात्रीच्या प्रवासात धोक्याचेही आहेत. म्हणून गाडी सरळ उभी राहावी असं वाटण्यात काहीच गैर नाही.

हवेची पिशवी नेमकं काय करते?

शिवनेरीच्या व्होल्वोतून दादर-पुणे प्रवास केलेल्यांना एअर सस्पेन्शन ठाऊक आहे, नाव माहीत नसलं तरी. गाडी थांब्यावर उभी असताना खालून येणारा तो फुस्स आवाज हवा सुटण्याचा असतो. पोलादी स्प्रिंगच्या जागी जाड रबराची, आतून धाग्यांनी बळकट केलेली पिशवी असते आणि तिच्यात दाबाखाली हवा भरलेली असते. टक्कर झाल्यावर स्टिअरिंगमधून उघडणाऱ्या एअरबॅगशी तिचा काही संबंध नाही, म्हणून या लेखात तिला हवेची पिशवीच म्हणू.

ती किती वजन उचलते ते दोन गोष्टींवर ठरतं: आतला दाब आणि पिशवीचं क्षेत्रफळ. बारा सेंटीमीटर व्यासाच्या पिशवीचं क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस सेंटीमीटर. दर चौरस सेंटीमीटरला पाच किलो दाब असेल तर ती सुमारे ५६५ किलो उचलेल. वजन वाढलं? दाब वाढवा, उंची तीच राहील. पोलादी स्प्रिंगला हे जमत नाही, तिला खाली गेल्याशिवाय जास्त वजन उचलताच येत नाही.

कंपनीतून येणाऱ्या मागच्या एअर सस्पेन्शनमध्ये हे काम आपोआप होतं. लेक्सस जीएक्स किंवा काही देशांत विकल्या गेलेल्या लँड क्रूझर प्राडोच्या वरच्या मॉडेलांत पुढे पोलादी स्प्रिंग आणि मागे हवेच्या पिशव्या अशी रचना होती. ॲक्सल, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा आस, आणि चॅसी यांच्यामध्ये एक छोटी दांडी असते. ती उंची मोजते. माणसं बसली, सामान ठेवलं, मागचा भाग खाली गेला की संगणक काही क्षण थांबून खात्री करतो, कारण प्रत्येक खड्ड्याला प्रतिसाद द्यायचा नसतो. मग कॉम्प्रेसर सुरू होतो, पिशव्यांत हवा जाते आणि गाडी मूळ उंचीवर येते. माणसं उतरली की जादा हवा सोडून दिली जाते.

आपल्याकडे दुकानात 'मागे एअर सस्पेन्शन' म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा हे नसतं. मूळ पोलादी स्प्रिंग तशीच ठेवतात आणि तिच्या पोटात एक लांबट पिशवी सरकवतात. डिकीत किंवा नंबरप्लेटजवळ हवा भरायचा व्हॉल्व्ह काढून देतात. टायरवाल्याकडे जाऊन पीएसआयमध्येच हवा भरायची. अशा पिशवीला साधारण ३५ पीएसआयची मर्यादा असते, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे अडीच किलो. पिशवीचा व्यास दहा सेंटीमीटर धरला तर एक पिशवी पूर्ण दाबाला १९० किलोच्या आसपास उचलते, दोन मिळून ३८० च्या आसपास.

हाच आकडा गिऱ्हाइकाला सांगितला जातो आणि तिथेच फसगत होते. पिशवीनं उचललेले हे ३८० किलो कुठून आले? ते स्प्रिंगच्या वाट्याचे होते. स्प्रिंगनं सोडलेलं ओझं पिशवीनं घेतलं, एवढंच झालं. स्प्रिंग आणि पिशवी दोघी ॲक्सलवरच टेकलेल्या आहेत. ॲक्सल चाकांवर, चाकं टायरवर, टायर रस्त्यावर. ॲक्सलच्या खाली काहीही बदललेलं नाही. पिशवी फुगवण्याआधी टायरवर जितका भार होता तितकाच फुगवल्यावर आहे. अशा पिशव्या बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपन्या स्वतःच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहितात की यानं गाडीचं कमाल वजन वाढत नाही. बसवून देणारा ती ओळ वाचून दाखवत नाही.

सपाट दिसते, पण उलाळच असते

आता त्याहून महत्त्वाचा भाग. सामान किती आहे इतकंच ते कुठे आहे हेही मोजावं लागतं.

बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. ओझं चाकाच्या मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते. जू वर उचललं जातं आणि बैलांच्या मानेवरचा भार निघून जातो. आपल्या एसयूव्हीत पुढे बैल नाहीत, वळवणारी चाकं आहेत, आणि ब्रेकचा बराच जोर त्यांच्यावरच असतो.

इनोव्हा क्रिस्टाच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २,७५० मिलिमीटर आहे. डिकीत, मागच्या ॲक्सलच्या ८० सेंटीमीटर मागे, १५० किलो सामान ठेवलं असं समजा. मागच्या ॲक्सलवर किती भार वाढेल? १५० नाही, १९४ किलो. वरचे ४४ किलो आले पुढच्या ॲक्सलवरून. तरफेचा साधा हिशोब आहे: २७५ आणि ८० मिळून ३५५, त्याला २७५ नं भागा आणि १५० नं गुणा. म्हणजे डिकी भरताना मागची चाकं सामानापेक्षा जास्त ओझं उचलतात आणि पुढची चाकं रिकाम्या गाडीपेक्षाही हलकी होतात.

हवेच्या पिशवीनं गाडी सपाट केली तरी हे ४४ किलो पुढच्या चाकांवर परत येत नाहीत. उंची बदलली, तरफ बदलली नाही. पूर्वी नाक वर दिसायचं, स्टिअरिंग हलकं लागायचं आणि ड्रायव्हर मनातल्या मनात सावध व्हायचा. आता गाडी झकास उभी दिसते, ड्रायव्हर निर्धास्त असतो आणि पुढच्या चाकांची पकड मात्र तितकीच कमी असते. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. गाडी बसणं ही तिची तक्रार असते. पिशवी तक्रार बंद करते आणि कारण जागच्या जागी ठेवते.

मग मर्यादा ठरवतं कोण?

साखळीतली सर्वांत कच्ची कडी. ती कडी क्वचितच स्प्रिंग असते.

टायरपासून सुरू करू. टायरच्या बाजूवर मापाच्या शेवटी एक आकडा आणि एक अक्षर असतं, जसं '९५ एच' किंवा '११० एच'. आकडा भाराचा, अक्षर वेगाचं. ९५ म्हणजे एका टायरला ६९० किलो, १०० म्हणजे ८००, ११० म्हणजे १,०६०. आणि हे त्या टायरला नेमून दिलेली हवा भरलेली असेल तरच. हवा कमी असेल तर क्षमताही कमी. जादा भाराखाली टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्यातून उष्णता तयार होते आणि उष्णतेनं रबर व आतले थर एकमेकांपासून सुटायला लागतात.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, मोटारींना ताशी १२० किलोमीटरची परवानगी आहे, आणि विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. घाटातल्या ४० च्या वेगानं जे ओझं टायर सोसून नेतो तेच तिथे तासन्‌तास त्याला तापवत राहतं. टायर फुटल्यावर लोक हवा, रस्ता, काँक्रीट यांना दोष देतात. आत किती वजन होतं हे क्वचितच कुणी विचारतं.

मग चाकाचं बेअरिंग, ॲक्सलचं हौसिंग, चॅसी. हे दिसत नाहीत आणि झटकन तुटतही नाहीत. धातू थकतो. रोज थोडा जादा ताण सोसत सोसत एक दिवस बारीक तडा जातो.

ब्रेकबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे पिशवी केवळ निरुपयोगी नसते, कधी कधी घातकही ठरते. २,४०० किलोची गाडी घाटातून ५०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे १ कोटी १८ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. साधारण ३५ लिटर गार पाण्याला उकळी आणेल एवढी ती उष्णता. त्यातली काही इंजिन आणि हवा घेते, बाकीची ब्रेकवर येते. कुंभार्लीतून चिपळूणकडे किंवा आंब्यातून साखरप्याकडे भरलेली गाडी सतत ब्रेक दाबून उतरवली की जळका वास येतो तो यामुळे. वजन वाढलं की ही उष्णता त्याच प्रमाणात वाढते, ब्रेकचा आकार मात्र तोच राहतो.

अनेक पिकअपमध्ये आणि जुन्या एमपीव्हींमध्ये, म्हणजे जास्त सीटच्या कौटुंबिक गाड्यांमध्ये, मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. एका दांडीनं तो ॲक्सलला जोडलेला असतो. गाडी भरली, मागून खाली गेली की दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब पोचू देतो. गाडी रिकामी आणि मागून उंच असेल तर दाब कमी करतो, नाहीतर हलकी मागची चाकं जाम होऊन घसरतील. साधी, हुशार रचना आहे. पण तो व्हॉल्व्ह वजन मोजत नाही, उंची मोजतो. हवेच्या पिशवीनं भरलेली गाडी उचलून धरली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे. म्हणजे ज्या दिवशी मागच्या ब्रेकची सर्वांत जास्त गरज आहे त्याच दिवशी त्यांचा दाब कमी केला जातो. पिशवी बसवल्यावर हा व्हॉल्व्ह पुन्हा लावून घ्यावा लागतो. एबीएसला (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) जोडून मागच्या-पुढच्या ब्रेकचं वाटप इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं करणाऱ्या नव्या गाड्यांत हा प्रश्न येत नाही. तुमच्या गाडीत कोणती पद्धत आहे हे पिशवी बसवण्याआधी विचारा.

"कंपनी थोडं हातचं राखूनच आकडा देते ना?"

राखते. पण ते आपल्या पेट्यांसाठी नसतं. खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा त्या क्षणी ॲक्सलवर उभ्या गाडीच्या भाराच्या काही पट भार येतो. अचानक वळण, दहा वर्षं जुनं झालेलं बेअरिंग, पावसात गंजलेला जोड, उन्हात तापलेला टायर, या सगळ्यांसाठी ते राखलेलं असतं. ते आपण उभ्या उभ्याच वापरून टाकलं तर मुंबई-गोवा महामार्गावरच्या खड्ड्यासाठी काय उरलं?

"जीपला पाटे वाढवून लोक वर्षानुवर्षं चालवतात"

चालवतात, हे मीही बघितलंय. वडाप करणाऱ्या, म्हणजे सीटप्रमाणे भाडं घेऊन गावोगावी माणसं नेणाऱ्या, गाड्यांना एक-दोन जादा पाटे टाकलेले असतात आणि त्या माणसांनी लटकून भरलेल्या असतात. त्या बहुतेक वेळा कमी वेगानं, ओळखीच्या रस्त्यावर, थोड्या अंतराच्या फेऱ्या करतात. त्यांचे टायर, ब्रेक, बेअरिंग किती वेळा बदलले जातात ते त्या मालकाला विचारा. आणि त्या गाड्यांचे अपघात झाल्यावर किती माणसं जातात हे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. 'अजून काही झालं नाही' यातून एवढंच कळतं की अजून काही झालं नाही.

पाट्यांच्या पिकअपला हवेच्या पिशव्या लावताना आणखी एक भानगड होते. पाट्याची दोन टोकं चॅसीला दोन वेगळ्या जागी जोडलेली असतात, म्हणून भार दोन ठिकाणी वाटला जातो. पिशवी मात्र ॲक्सलच्या बरोबर वर, चॅसीच्या एकाच बिंदूवर दाबते. मागे लांबवर ओझं आणि मध्ये हा टेकू अशी स्थिती झाली की चॅसी त्या जागी वाकू शकते. ऑस्ट्रेलियात डबल कॅब पिकअपला पिशव्या लावून, मागे जड ट्रेलर जोडून कच्च्या रस्त्यांवर लांब जाणाऱ्यांच्या गाड्या अशाच वाकल्याचे प्रकार झाले आहेत.

"मग महागड्या गाड्यांत कंपनी स्वतः का देते?"

रेंज रोव्हरनं एअर सस्पेन्शन १९९२ च्या सुमारास आणलं, पुढे ऑडी, मर्सिडीज, बीएमडब्ल्यूच्या मोठ्या एसयूव्हींत आलं. ते दिलं जातं आरामासाठी, उंची कमी-जास्त करता यावी म्हणून, आणि भरलेली गाडी सपाट चालावी म्हणून. हवेच्या स्प्रिंगचा एक सुंदर गुण असा की भार वाढला की दाबासोबत तिचा कडकपणाही वाढतो, त्यामुळे गाडी रिकामी असो की भरलेली, ती जवळपास सारख्याच लयीत डोलते. पण त्या गाड्यांनाही कमाल वजनाचा आकडा असतोच आणि तो टायर, ब्रेक, ॲक्सल, चॅसी सगळं एकत्र तपासून ठरवलेला असतो. तिथे शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे शॉकअप, त्याच स्प्रिंगसाठी बनवलेला असतो. आपण बाहेरून पिशवी घालतो तेव्हा शॉकअप जुन्या, मऊ स्प्रिंगसाठीचाच राहतो. कडक झालेल्या स्प्रिंगची उसळी त्याला आवरत नाही आणि रिकाम्या गाडीचं मागचं चाक खड्ड्यानंतर रस्ता सोडून उडतं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११३ नुसार आरसीवरच्या कमाल वजनापेक्षा जास्त भार घेऊन कोणतंही मोटार वाहन चालवता येत नाही. शब्द 'कोणतंही' असा आहे, फक्त ट्रक नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये यासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड ठेवला आहे, शिवाय जादा भार उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. खासगी गाडी काट्यावर घेतली जाणं विरळाच, हे खरं.

कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे. कंपनीनं मूळ दिलेला तपशील आरसीशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. पिशवी लावल्यानं आरसीवरचा वजनाचा आकडा बदलत नाही, आणि अपघातानंतर आरटीओ असो, विमा कंपनी असो, सगळे तोच आकडा बघतात.

एकदा काट्यावर जा

अंदाज करण्यापेक्षा हे सोपं आहे. साखर कारखान्याजवळ, बाजार समितीजवळ, वाळू-खडीच्या डेपोजवळ वजनकाटा असतो. प्रवासाला निघताना असतो तसा सगळा जामानिमा करा: माणसं आत, टाकी भरलेली, कॅरिअर बांधलेलं. आधी अख्खी गाडी काट्यावर घ्या आणि पावती घ्या. मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून एक वजन, फक्त मागची ठेवून एक. काटा जमिनीशी सपाट असला पाहिजे, नाहीतर गाडी तिरकी होऊन आकडे बिघडतात. ट्रकचे काटे ५ किंवा १० किलोच्या टप्प्यानं मोजतात, तेवढा फरक सोडून द्या.

अख्ख्या गाडीचं वजन कमाल वजनाशी ताडून बघा. पट्टीवर दोन्ही ॲक्सलच्या वेगळ्या मर्यादा दिल्या असतील तर त्याही बघा. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर, असं सहज होऊ शकतं. मग जड वस्तू डिकीतून काढून मधल्या सीटच्या पायाशी ठेवायच्या. तांदळाचं पोतं दाराशी न ठेवता सीटच्या पाठीला टेकवून ठेवलं तरी फरक पडतो. टपाच्या कॅरिअरवर फक्त हलकं आणि फुगीर सामान. टपाचीही स्वतंत्र मर्यादा गाडीच्या पुस्तकात असते आणि ती बहुतेकांना वाटते त्यापेक्षा खूप कमी असते. एवढं करूनही आकडा जास्तच आला तर दोन माणसं एसटीनं किंवा कोकण रेल्वेनं पाठवा, पेट्या पार्सलनं मागवा. पुढे बसलेल्या मुलांकडे बघितलं की हा निर्णय अवघड वाटत नाही.

मग पिशवी बसवूच नये का?

बसवा, पण वजन मर्यादेत असेल तर आणि सपाट उभं राहण्यासाठी. ज्यांची गाडी बहुतेक वेळा रिकामी असते आणि अधूनमधून पूर्ण भरते, त्यांना तिचा खरा उपयोग आहे. हेडलाइट जागेवर राहतात, बंप स्टॉपचे दणके थांबतात. मात्र स्प्रिंगच थकली असेल, म्हणजे रिकामी गाडीही मागून खाली दिसत असेल, तर आधी स्प्रिंग बदला.

बसवताना डाव्या आणि उजव्या पिशवीला वेगवेगळी नळी आणि वेगवेगळा व्हॉल्व्ह घ्या. दोन्ही एकाच नळीला जोडल्या तर वळणावर बाहेरच्या बाजूची पिशवी दबते, तिच्यातली हवा आतल्या बाजूच्या पिशवीत जाते आणि गाडी अजूनच कलते. घाटात हे फार वाईट. नळी सायलेन्सरच्या पाइपापासून लांब नेलेली आहे ना ते स्वतः वाकून बघा. जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर हवा गळतेय. काही मेकॅनिक पिशवी बसावी म्हणून मूळ बंप स्टॉप कापतात. पिशवी फुटली तर मग खाली काहीच उरत नाही, म्हणून कापण्याआधी त्याच्या जागी काय येणार ते विचारा.

कमाल दाब हा रोजचा दाब नव्हे. गाडी भरा, मग मागची उंची रिकामी असतानाच्या उंचीजवळ येईल तेवढीच हवा भरा आणि थांबा. त्यापेक्षा उचलायची नाही. सामान उतरवल्यावर दाब बनवणाऱ्यानं सांगितलेल्या किमान आकड्यावर, बहुधा ५ पीएसआयच्या आसपास, आणा. पूर्ण रिकामी पिशवी स्प्रिंगच्या वेढ्यात चिमटून कापली जाते, आणि भरलेली तशीच ठेवली तर रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर मागून घसरू शकते. स्टेपनी बदलायची वेळ आली तर जॅक लावण्याआधी हवा सोडा, कारण चाक लोंबकळलं की पिशवी ताणली जाते. कंपनीतून आलेलं एअर सस्पेन्शन असेल तर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ते आधी बंद करा, नाहीतर संगणक उंची सारखी करायला जाईल आणि जॅकवरची गाडी हलेल.